मातीचाही सर्च रिपोर्ट हवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
मुंबई.



मांजरीत आज घर घ्यायला निघालेल्या कुटुंबाच्या हातात कागदांची जाडजूड फाइल असते. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, वकिलाने दिलेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बँकेच्या व्हॅल्युअरचा अहवाल आणि या सगळ्यांवर आपल्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक. मे २०१७ मध्ये महारेराचे काम सुरू झाल्यापासून ही फाइल पूर्वीपेक्षा खरी झाली आणि सामान्य माणसाला वाचता येऊ लागली, हे मान्यच करायला हवे. पण एवढी सगळी कागदपत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: जमीन कोणाची? त्या जमिनीवर आजवर कोणते पाणी खेळवले, काय फवारले, खड्ड्यात काय पुरले, भराव कुठून आणला, याबद्दल त्या फाइलमध्ये चकार शब्द नसतो. ही माहिती मिळवता येते, मोठ्या प्रकल्पांत ती निम्मीशिम्मी मिळवलेलीही असते, आणि ग्राहकापुढे ठेवायला लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी हे पत्र.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मांजरीची माती विषारी आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला लागणारा पुरावा कोणी गोळाच केलेला नाही आणि अडचण नेमकी तीच आहे. मुळा-मुठेच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. दोन्ही गावे शेतीची. ऊस, कांदा, पालेभाज्या हे इथले उत्पन्न. बाजार समितीचा उपबाजारही मांजरीतच आहे. १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी ऊस संशोधन संस्था इथली, आणि १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलेच. म्हणजे मातीची परीक्षा कशी करायची हे ज्या गावाला राज्यातल्या इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त कळायला हवे, ते हे गाव. जून २०२१ मध्ये आणखी बावीस गावांबरोबर मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. आता उसाच्या फडांवर बारा-चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. उसाला ही माती मानवते की नाही, हे तपासून देणारी प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असताना, त्याच मातीवर मूल वाढवायचे तर ती कशी आहे, हे विचारायची पद्धतच आपल्याकडे पडलेली नाही.

शंका घ्यायला जागा का आहे, तेही सांगायला हवे, नाहीतर हा उगाच बागुलबुवा ठरेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा पूर्वेकडे वाहते ती मांजरीवरूनच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत ती आहे. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून शहरात दिवसाला एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधायची योजना आखावी लागली, यातच आधीची व्यवस्था किती अपुरी होती याची कबुली आहे. त्यात मुंढव्याच्या जॅकवेलची भर. शहराने धरणातून जास्त पाणी घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात वापरलेले पाणी शुद्ध करून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात त्यात, शेतीसाठी सोडायचे, असा हा सौदा. आकडा वर्षाला साडेसहा टीएमसीचा. कागदावर सौदा चांगला आहे. पण हडपसर-मांजरीवरून लोणी काळभोरकडे जाणाऱ्या या कालव्याच्या पाण्याला काळा रंग आणि वास असल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. सांडपाण्यावर शेती नवी नाही, आणि त्यातल्या नत्र-स्फुरदाने पीक तरारून येते हेही खरे. मात्र त्या पाण्यात गॅरेजचे, धुलाई केंद्रांचे, छोट्या प्लेटिंगवाल्यांचे पाणीही मिसळते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र मुख्यतः सेंद्रिय घाण काढण्यासाठी असते. पाण्यात विरघळलेले धातू आणि क्षार काढणे हे त्याचे काम नाही.

इथे काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. दख्खनची ही चिकणमाती साधारण विम्लधर्मी असते आणि शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू ती धरून ठेवते. ही एका परीने चांगलीच गोष्ट, कारण हे धातू झटकन खाली विहिरीत उतरत नाहीत. पण धरून ठेवलेला धातू वरच्या वीतभर थरातच साचत जातो. पाऊस त्याला धुऊन नेत नाही आणि पालापाचोळ्यासारखा तो कुजूनही जात नाही. क्षार आणि नायट्रेट यांचे उलटे आहे. काळ्या मातीखालच्या मुरमातून आणि बेसॉल्टच्या भेगांतून ते खाली जातात आणि बोअरवेलला लागतात. टँकरवर दिवस काढणाऱ्या मांजरीच्या सोसायट्यांत बोअरचे पाणी ही चैन नसून गरज आहे, हे आपल्याला सांगायला नको. कीटकनाशकांचे गणित आणखी वेगळे. डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसी १९९७ मध्ये गेले, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. म्हणजे आज चाळीस-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या लहानपणी ही पांढरी पावडर उसाच्या सरीत सर्रास पडत होती, तीही रीतसर आणि कायदेशीर. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण ही रसायने मातीत दीर्घकाळ टिकतात म्हणूनच त्यांच्यावर बंदी आली, तेव्हा ती मातीत शोधायची नाहीत हे कसले शहाणपण?

आणि मग राडारोडा. माझ्या मते सर्वात कमी बोलली जाणारी आणि सर्वात जास्त काळजी करण्याजोगी गोष्ट ही आहे. पुण्यात जुने वाडे, जुन्या सोसायट्या पाडून पुनर्विकास धडाक्यात चालू आहे. पाडलेल्या भिंतींवर जुन्या तेलरंगांचे थर असतात. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्यापूर्वीचे रंग त्या मर्यादेत असतीलच असे नाही. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲसबेस्टॉस. वाघोलीला महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे, २०१६ पासून त्यासाठी स्वतंत्र नियमही आहेत. तरी रात्रीचे डंपर नदीकाठी, ओढ्यात, बंद पडलेल्या खाणीत आणि उपनगरांतल्या खोलगट प्लॉटवर रिकामे होतातच, हे पुण्यातल्या कोणत्याही आरोग्य निरीक्षकाला विचारा. खोलगट जमीन घेणाऱ्याला भराव फुकट मिळतो म्हणून तो खूश, टाकणाऱ्याचे प्रक्रियेचे पैसे वाचले म्हणून तोही खूश. वर्षभराने त्यावर मुरूम पसरला, रोलर फिरला, आखणीचे दगड लागले की तो ‘एनए प्लॉट’ होतो. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा मेट्रोच्या आगारासाठी वापरली गेली, तेव्हा ती कचऱ्याची होती हे सगळ्या शहराला ठाऊक होते. एखाद्या ओढ्याच्या काठी चार वर्षे डंपर रिकामे झाले, हे मात्र त्या आळीपलीकडे कोणाला माहीत नसते, आणि प्लॉट दोनदा विकला गेला की आळीतही कोणाला आठवत नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो आपल्या अधिकारकक्षेत येणाऱ्या कागदांबद्दल आहे. मोठी इमारत बांधण्यापूर्वी जमिनीत बोअर घेतले जातात. मातीचे, मुरमाचे, खडकाचे नमुने खोक्यांत रचून प्रयोगशाळेत जातात, प्रत्येक थर किती खोलीवर लागला याचा बोअर लॉग तयार होतो आणि शेवटी जमीन किती भार पेलेल, म्हणजे एसबीसी, हा आकडा हाती येतो. त्याच नमुन्यांत पीएच, क्लोराइड आणि सल्फेटही मोजण्याची पद्धत आहे. का? कारण मातीतले सल्फेट काँक्रीट खाते. आयएस ४५६ या भारतीय मानकात त्यासाठी चक्क तक्ता आहे: मातीत सल्फेट इतके असेल तर सिमेंट अमुक प्रकारचे आणि इतके वापरा, त्याहून जास्त असेल तर तमुक. पायाच्या काँक्रीटला माती बाधू नये म्हणून आपण मातीची रासायनिक तपासणी करतो. त्याच खोक्यातली मूठभर माती शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांसाठी तपासायची म्हटले की मात्र ती अव्यवहार्य परदेशी कल्पना ठरते. शेतकऱ्याला २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, लोह, तांबे, बोरॉनपर्यंत. सगळे पिकाच्या अंगाने मोजलेले. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत, आणि जमीन बिनशेती झाली की ही अपुरी पत्रिकाही बंद होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पर्यावरण मंजुरीच्या पत्रात दडलेली आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांच्या मंजुरीपत्रांत अटींची जी ठरावीक यादी असते, तिच्यातली एक अट अशी: जड धातू आणि इतर विषारी द्रव्ये झिरपून भूजलाला धोका नाही, याची खात्री करण्यासाठी माती आणि भूजलाचे नमुने तपासावेत. त्याच यादीत आणखी एक अट असते: खोदकामात निघालेली वरची सुपीक माती साठवून ठेवावी आणि प्रकल्पाच्या बागेसाठी वापरावी. या दोन अटी शेजारी ठेवून वाचा. ज्या वीतभर थरात कालव्याच्या पाण्याचा आणि फवारणीचा सगळा इतिहास साठलेला असण्याची शक्यता, तोच थर जपून ठेवून मुलांच्या घसरगुंडीभोवती पसरायचा आहे. माती चांगली असेल तर ही अट उत्तम आहे. दख्खनची काळी माती वाया घालवणे हे पापच. पण ती चांगली आहे की नाही, हे पहिल्या अटीतल्या तपासणीवर अवलंबून आहे. ती तपासणी झाली का, कोणत्या थराची झाली, निष्कर्ष काय निघाला, हे फ्लॅट घेणाऱ्याला कोण सांगतो? मंजुरीच्या अटी पाळल्याचे सहामाही अहवाल विकासकाने द्यायचे असतात. ते पर्यावरण खात्याच्या दप्तरात जातात. घराचा सौदा होतो दुसऱ्याच टेबलावर, आणि त्या टेबलावरचे कागद कोणते असावेत हे आपण ठरवता.

कायद्याने सध्या एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण केली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचे कलम ५५ सांगते की मालमत्तेत महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो उघड केलाच पाहिजे. न केल्यास ती फसवणूक. दीडशे वर्षांकडे झुकलेल्या या कलमात मातीतल्या प्रदूषणाचा उल्लेख नाही, पण त्याचे वर्णन इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी केले असेल. मेख आहे ती ‘माहीत असेल तर’ या अटीत. ज्याने माती तपासली त्याला दोष कळला, आता त्याने तो सांगायला हवा, आणि सांगितला की भाव पडला. ज्याने तपासलीच नाही तो निर्धास्त. म्हणजे शहाण्या वकिलाचा आपल्या अशिलाला सल्ला काय असणार? ‘टेस्ट करूच नका.’ रेरा कायद्यानेही ही फट बुजवलेली नाही. जमिनीच्या हक्कात दोष निघाला तर कलम १८ (२) खाली भरपाई मिळते, तिला मुदतीचीही आडकाठी नाही; बांधकामाच्या दर्जातल्या दोषासाठी कलम १४ (३) खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे आहेत. पण मातीतला दोष हक्कात बसत नाही, आणि बांधकामातही बसवणे कठीण. पुनर्विक्रीच्या सौद्यात तर महारेराचा संबंधच येत नाही, आणि बँकेच्या लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ या चार शब्दांत सगळे आटोपते.

माहिती एका टेबलावर असणे आणि ती घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचणे यांतले अंतर किती महाग पडते, याचा जगातला सर्वात गाजलेला दाखला न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरातला आहे. लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट राहिलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. लपवून विकली असे समजू नका. खाली रासायनिक कचरा आहे आणि पुढच्या परिणामांची जबाबदारी आमची नाही, हे खरेदीखतात लिहिलेले होते. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली, घरे हातोहात विकली गेली, आणि खरेदीखतातले ते वाक्य एकाही कुटुंबाच्या कागदापर्यंत पोहोचले नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावे लागले. १९८० चा सुपरफंड कायदा त्यातून जन्मला. आपल्या मंजुरीपत्रातली ती अट आणि त्या खरेदीखतातले ते वाक्य यांचे दुखणे एकच आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, मग वेगळे काही कशाला, असा प्रश्न येईल. नियम स्वागतार्ह आहेत, फार उशिरा आले असले तरी. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरावीक मुदतीत प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, ज्याने घाण केली त्याच्याकडून सफाईचा खर्च वसूल करायचा, अशी त्यांची रचना आहे. पण हे नियम आले तेव्हा देशभरात १०३ जागा प्रदूषित म्हणून निश्चित झालेल्या होत्या आणि त्यातल्या अवघ्या सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. या चाळणीत कारखान्यांच्या मोठ्या जागा अडकतील. मांजरीतला वीस गुंठ्यांचा भराव अडकणार नाही. शिवाय कचराभूमीतल्या घनकचऱ्याने झालेले प्रदूषण या नियमांतून सर्वसाधारणपणे वगळलेले आहे. आमच्यापासून काही किलोमीटरवर उरुळी देवाची-फुरसुंगीचा १६३ एकरांचा कचरा डेपो आहे. त्याच्या काळ्या पाण्याने विहिरी गेल्या, गावांनी गाड्या अडवल्या, महापालिकेला तिथे टँकर लावावे लागले, हा इतिहास पुणेकरांना पाठ आहे. मुंबईत तर धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या कचराभूमीतली सुमारे सव्वाशे एकर जागा देण्याचा निर्णय झाला आहे. जिथे माणसांच्या घरांचा प्रश्न सर्वात निकडीचा, तिथेच नियमाने हात झटकलेले.

आता आक्षेपांकडे. सर्वात वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो मला हलका वाटत नाही. ‘तुमच्या शहराने आमच्या कालव्यात घाण सोडली, आता जमीन विकायची वेळ आली तर आमचीच माती नासकी म्हणून भाव पाडणार?’ हा संताप रास्त आहे. म्हणूनच तपासणीचा खर्च मूळ मालकावर पडू नये, तो विकासकाने नोंदणीच्या टप्प्यावर करावा, आणि दोष निघालाच तर सफाईची जबाबदारी ठरवताना २०२५ च्या नियमांतले ‘घाण करील तो भरील’ हे तत्त्व लावले जावे, म्हणजे गरज पडल्यास महापालिकेलाही. पण न तपासण्याने शेतकऱ्याचा फायदा होतो, हे मला पटत नाही. फुरसुंगी परिसरातल्या जमिनीच्या भावाला अहवालाने धक्का लावला नाही, नावाने लावला. डेपोपासून लांबचा, विहिरीचे स्वच्छ पाणी असलेला शेतकरीही त्यात भरडला गेला, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते. संशय सरसकट असतो, तपासणी गट नंबरनिहाय असते. बहुसंख्य गट नंबर तपासणीत स्वच्छ निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या मालकांना तो कागद भाव वाढवूनच देईल.

खर्चाचा आक्षेप मला मुळीच पटत नाही. पन्नास लाखांच्या घरावर ग्राहक सात टक्के दराने साडेतीन लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि वर तीस हजार नोंदणी फी भरतो. बोअर घेतलेलेच असतात, नमुने प्रयोगशाळेत गेलेलेच असतात; काही नमुन्यांवर आणखी चाचण्या करण्याचा खर्च दोनशे फ्लॅटांत वाटला तर दाखवण्याच्या लायकीचाही राहत नाही. इंग्लंडमध्ये घर घेताना वकील जागेच्या जुन्या वापराचा पर्यावरणीय शोध घेतात, तिथला घरबाजार त्याने बंद पडलेला नाही. ‘आठव्या मजल्यावर राहणाऱ्याला मातीशी काय देणेघेणे?’ हा प्रश्न बिल्डर मंडळी हसत विचारतात. बागेतल्या मातीचे वर आलेच. बोअर आहे, जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, तळघरातले पार्किंग आहे. जुन्या कचऱ्यावर बांधले असेल तर वायूही वर येतो. मालाडचे माइंडस्पेस संकुल चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर उभे राहिले, आणि तिथल्या कार्यालयांतले संगणक वायूंमुळे गंजून बंद पडत असल्याची चर्चा पुढे बरीच झाली. आणि मूल आठव्या मजल्यावर खेळत नाही. ते खाली खेळते, हात तोंडात घालते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘हे काम प्रदूषण मंडळाचे, महारेराचे नाही’ असेही आपल्या कार्यालयातून ऐकू येईल. दोष शोधून साफ करणे मंडळाचेच काम आहे. विकताना काय सांगायचे हे मात्र आपले. एप्रिल २०२४ मध्ये आपणच विकासकांना पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी आणि उंची करारासोबत द्यायला लावली. गाडीच्या डोक्यावर किती फूट मोकळे आहे हे ग्राहकाला कळायला हवे, हे ज्या प्राधिकरणाला पटले, त्याला त्या गाडीखालच्या भरावात काय आहे हेही पटायला हरकत नसावी. ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर आपण क्यूआर कोड छापायला लावला. तो स्कॅन केला की प्रकल्पाचे पान उघडते. कलम ११ खाली त्या पानावर कोणती माहिती असावी हे आपल्या विनियमांनी ठरवता येते आणि कलम ३७ निर्देश देण्याचा अधिकार देते. अधिकार शोधायला लांब जावे लागत नाही.

त्या पानावर काय असावे, तेही सांगतो. पहिले म्हणजे जमिनीच्या वापराचा तीस वर्षांचा इतिहास. सर्च रिपोर्टसाठी वकील तेवढी वर्षे मागे जातोच. जुन्या सातबाऱ्याच्या बारा नंबरात कोणत्या वर्षी कोणते पीक होते आणि जलसिंचनाचे साधन काय होते, विहीर की कालवा, हे लिहिलेले असते. जुने अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन होऊन पडले आहेत. वीटभट्टी होती का, खाण होती का, गोदाम होते का, हे उपग्रहाच्या जुन्या चित्रांत दिसते. दुसरे, हा इतिहास पाहून निवडलेल्या जागांवरच्या वरच्या थराची, भरावाची आणि बोअरच्या पाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी. उसाची जमीन असेल तर जुनी कीटकनाशके, गॅरेज असेल तर तेल, भराव असेल तर शिसे आणि ॲसबेस्टॉस. सगळीकडे सगळे मोजायची गरज नाही. तिसरे, भराव कुठून आणला आणि खोदलेली माती कुठे गेली याचा हिशेब. मांजरीत पायासाठी निघालेली काळी माती कुठल्या तरी रोपवाटिकेत किंवा दुसऱ्याच्या प्लॉटवर जाते, आणि तिचा इतिहासही तिच्याबरोबर डंपरमधून जातो. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाने हे आधीच करायचे आहे, त्याने फक्त अहवाल पानावर चढवावा. २०,००० चौरस मीटरच्या खालच्या प्रकल्पांना आणि प्लॉटिंगच्या योजनांना हे नव्याने करावे लागेल, आणि गरजही तिथेच जास्त आहे, कारण फुकटचा भराव मोठ्या टॉवरखाली सहसा जात नाही. तो बंगल्याच्या प्लॉटखाली जातो, आणि तिथे माणूस परसात कोथिंबीर लावतो, शेवग्याच्या शेंगा खातो.

पाचशे चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प आणि पुनर्विक्रीची घरे आपल्या हाताबाहेर आहेत. पण कलम ३२ खाली राज्य सरकारला शिफारस करणे हे आपले कर्तव्य आहे. दस्ताच्या नमुन्यात विकणाऱ्याच्या घोषणेची एक ओळ वाढवावी: या जागेवर भराव, कचरा, रसायनांचा साठा किंवा सांडपाण्यावरचे सिंचन झाल्याचे मला माहीत आहे किंवा नाही, आणि माती तपासली आहे किंवा नाही. ‘तपासली नाही’ हे उत्तर चालेल. ते लिहून द्यावे लागले की घेणारा आपोआप भाव करताना विचार करील, आणि न तपासणे आजच्यासारखे बिनखर्चाचे राहणार नाही. सुरुवात संपूर्ण राज्यात एकदम करा, असा माझा आग्रह नाही. २०२१ मध्ये पुण्यात आलेली तेवीस गावे घ्या. मांजरी, शेवाळेवाडी, वाघोली इथे नोंदणीचे अर्ज एकामागून एक येत आहेत, आणि खोदकाम अजून व्हायचे असलेल्या प्रत्येक अर्जात ती वरची वीतभर माती आज जागेवरच आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे.

कळावे,

आपला विश्वासू,
मांजरी बुद्रुकचा एक रहिवासी